कारणाचा रकाना

स्कार्वे बेटाच्या नगरपालिकेत सहाशे चाळीस कॉम्प्युटर होते. त्यांतला कुठला दमलाय, कुठला हट्टाला पेटलाय आणि कुठल्याच्या पोटात नवं अपडेट ठरत नाहीये, हे एकट्या विबेके थोरुपला ठाऊक असे. तळघरातल्या तिच्या खोलीला खिडकी नव्हती. तिच्या टेबलावर एक भलामोठा पडदा होता आणि त्यावर सहाशे चाळीस ठिपके. अपडेट चढलं की ठिपका हिरवा, चढत असला की पिवळा, अडकला की लाल. तेरा वर्षं विबेके हे ठिपके राखत बसली होती आणि त्यातल्या एकाचंही तिच्यावाचून अडलं नाही असा दिवस गेला नव्हता. ठिपक्यांमागच्या माणसांचं मात्र तिच्यावाचून काही अडत नसे. ते असो, त्याकडे पुढे येऊच.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नवं अपडेट येई. ते एकदम सगळ्यांच्या माथी मारायचं नाही, असा नियम होता आणि तो शहाणपणाचा होता. आधी बारा कॉम्प्युटरांना द्यायचं. मंगळवारी सकाळी दहाला ते बारा आपोआप बंद पडणार, वीस-पंचवीस मिनिटं स्वतःशीच खुडबुड करणार आणि पुन्हा चालू होणार. मग शुक्रवारपर्यंत वाट बघायची. त्या बारा जणांपैकी कुणाचं काही बिघडलं नाही, तर शुक्रवारी दुपारी बाराला उरलेल्यांना सोडून द्यायचं.

हे पहिले बारा कसे निवडायचे तेही नियमात लिहिलेलं होतं. प्रत्येक खात्यातून एक घ्यावा, जुनी-नवी सगळ्या तऱ्हेची यंत्रं त्यात यावीत. विबेकेने ते वाक्य पहिल्या वर्षी वाचलं होतं आणि वाचून बाजूला ठेवलं होतं. ती पहिले बारा निवडायची शुक्रवारच्या पावांवरून.

दर शुक्रवारी सकाळी नऊला दुसऱ्या मजल्यावरच्या जेवणघरात सगळी कचेरी नाश्त्याला जमे. पाव आणायची दोघादोघांची पाळी ठरलेली. खसखस लावलेले ताजे गोल पाव, लोणी, चीज, मुरंबा, कुणी हौशी असेल तर घरचा केक. या पाळीला बेटावर जे महत्त्व होतं ते निवडणुकीलाही नव्हतं. नगराध्यक्ष पडले तर चार वर्षांनी पुन्हा उभे राहता येतं, पण शिळे पाव आणणाऱ्याचं नाव कायमचं खराब होतं. विबेके लांब टेबलाच्या दाराकडच्या टोकाला बसे, दोन पाव खाई, फारसं बोलत नसे आणि सगळं बघे. मग खाली जाऊन आपली यादी उघडे. यादीत नाव, खातं, यंत्राचा क्रमांक असे रकाने होते आणि शेवटचा रकाना कारणाचा.

‘आयनार कोल्ड, बांधकाम परवाने. कालचे पाव भट्टीत गरम करून आजचे म्हणून खपवले.’

‘मेरेते, ग्रंथालय. खसखशीचे पाव आपल्या खात्यासाठी रुमालाखाली लपवले.’

‘थॉर्किल, रस्ते. लोणी विसरला. दुसऱ्यांदा!’

शिक्षा तीन महिन्यांची. तीन महिने नवं अपडेट आधी तुझ्या यंत्रावर, बाबा. तुझंच छपाईयंत्र रुसणार, तुझीच अक्षरं मुंगीएवढी होणार, ऐन बैठकीत तुझाच पडदा काळा पडणार. अपील नाही. आपण कुणाचं वाईट करतोय असं विबेकेला कधी वाटलं नाही. उलट, या कचेरीत निदान एका खोलीत तरी न्याय चालतो, असं तिला वाटे आणि त्याने तिला शांत झोप लागे.

आणि गंमत अशी की हा न्याय कामालाही भलताच उपयोगी पडला. शिळे पाव खपवणारा माणूस आणि ऊठसूट तक्रार करणारा माणूस बहुधा एकच असतो. आयनार कोल्डला सूर्य जरा जास्त उजळ वाटला तरी तो लेखी कळवायचा. असे बारा जण एका गटात आल्यावर अपडेटातली बारीकशी चूकही मंगळवारी संध्याकाळपर्यंत विबेकेच्या फोनवर येऊन आदळायची.

हीच गोष्ट सोफुसच्या नजरेत भरली. सोफुस बेंटसन हा तिचा नवा साहेब. वय तेहेतीस, आठ महिन्यांपूर्वी ओर्हूसहून आलेला, येताना स्वतःची सायकल आणि पुष्कळसा उत्साह घेऊन आलेला.

“विबेके, मी आकडे बघत होतो,” तो सोमवारी तळघरात येऊन म्हणाला. “गेल्या वर्षी आपण नऊ वेळा अपडेट अडवलं. नऊ! शेजारच्या नगरपालिकेने एकदा. तेही त्यांच्या यंत्रांतून धूर यायला लागल्यावर. कसं जमवतेस तू हे?”

“अनुभव,” विबेके म्हणाली.

“तेच! अनुभवावर आधारलेली निवड. पुढच्या महिन्यात ओडेन्सला सगळ्या नगरपालिकांची बैठक आहे. तुझी पद्धत आपण तिथे मांडायची. मी नाव नोंदवूनसुद्धा टाकलंय. शुक्रवारी साडेदहाला मी येतो, तू मला यादी दाखव. निवडीची कारणं वगैरे लिहून ठेवत असशीलच ना?”

“ठेवते,” विबेकेच्या तोंडून निघून गेलं.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं? रकाना पुसून टाकायचा. सोफुस वर गेल्यावर तिनेही तेच म्हटलं होतं. पण तेरा वर्षांचा रकाना! त्यात आता निवृत्त झालेल्या, बेट सोडून गेलेल्या, एक-दोन तर वारलेल्या माणसांचे पाव होते. तिचा हात धजेना. मग तिने ठरवलं, यादीची एक सभ्य नक्कल करायची आणि तीत शहाणी कारणं घालायची. आयनारपुढे तिने लिहिलं, ‘जुन्या धाटणीचं यंत्र’. मेरेतेपुढे लिहिलं, ‘पुष्कळ छपाई’. थॉर्किलपाशी येऊन अडली. त्याच्याबद्दल लोणी सोडून दुसरं काही तिला सुचेनाच.

मंगळवारी अपडेट गेलं. अकरा वाजेपर्यंत बारा ठिपके हिरवे झाले. विबेके फोन जवळ ओढून बसली. फोन वाजला नाही. संध्याकाळपर्यंत वाजला नाही. बुधवारीही नाही. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहिला, तो चालू होता.

गुरुवारी सकाळी तिच्याने राहवेना. तेरा वर्षांत पहिल्यांदा ती आपण होऊन वरच्या मजल्यांवर हिंडायला निघाली.

आयनार कोल्ड डोक्यावर दोन्ही कान झाकणारे भलेमोठे हेडफोन चढवून बसला होता. साठीचा, उंच, खांदे पडलेला, ओठाचे कोपरे कायम खाली. तिला बघून त्याने एक कान मोकळा केला.

“काय गं, तळघर सोडून इकडे कुठे? पाणीबिणी शिरलं का खाली?”

“सहज. नवं अपडेट कसं आहे?”

“उत्तम.”

विबेकेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हणालास?”

“उत्तम म्हणालो. लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललंय.” आणि आयनार कोल्ड हसला. त्याचे दात तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“आणि हे कानाला काय?”

“गाणी ऐकतो.”

संगीत म्हणजे पगारी गोंगाट, असं लेखी पत्र याच माणसाने कचेरीच्या नाताळ समारंभानंतर दिलेलं होतं. विबेके पुढे गेली. मेरेतेच्या कानात हेडफोन. रस्तेवाल्या थॉर्किलच्या यंत्रालाही हेडफोनची तार खोचलेली, पण हेडफोन त्याच्या कानात नव्हताच, तो टेबलाच्या खणात घालून खण बंद केलेला होता.

“तुझा हेडफोन खणात का?”

“थंडी वाजते त्याला,” थॉर्किल म्हणाला.

वृद्धसेवेच्या बोदिलने तर तिला खुर्ची दिली. बोदिल ठेंगणी, गुबगुबीत, मोठ्या आवाजाची. बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी रोज कोणती मदतनीस किती वाजता जाणार, याचं वेळापत्रक तिच्याकडे. चीजच्या वडीचा मधला मऊ भाग आपल्या ताटात आणि कडा पंचायतीला, या गुन्ह्याखाली ती यादीत आली होती.

“काही म्हणजे काही त्रास नाही गं,” बोदिल गोड आवाजात म्हणाली. “तू किती करतेस आमच्यासाठी! आम्ही मेले कधी आभारसुद्धा मानत नाही.”

शिव्या खायची विबेकेला सवय होती. आभारांची नव्हती. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुपारी सोफुस नाचतच खाली आला. “बारा हिरवे, तक्रार शून्य! उद्या बाराच्या ठोक्याला सोडून दे सगळ्यांना.”

“थांबूया का?”

“का?”

“कुणीच तक्रार केली नाही म्हणून.”

“अगं, तक्रार नसली की सोडायचं, हेच तर आपलं काम आहे ना?”

ते खरंच होतं. यावर खरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागलं असतं की हे बारा जण म्हणजे बेटावरचे अट्टल किरकिरे आहेत. ते गप्प बसलेत म्हणजे घर जळतंय. मग सोफुस विचारणार, किरकिरे कसे काय निवडलेस? आणि मग पाव निघणार. नगरपालिकेची यंत्रं लोण्यावरून शिक्षा म्हणून वापरली, हे वर कळलं तर तिला तळघरातूनही बाहेर काढतील. सत्तावन्नाव्या वर्षी बेटावर दुसरी नोकरी ती कुठली? बोटीवर तिकिटं फाडायची जागाही भरलेली होती. आणि गप्प बसावं, तर उद्या बारा वाजता सहाशे अठ्ठावीस यंत्रांत काय घुसेल ते देव जाणे. त्यात शाळा होत्या, बोदिलच्या मदतनीस बायकांच्या हातातल्या टॅबलेटच्या पाट्या होत्या, कुटुंबमदतीची खिडकी होती. खाई त्याला खवखवे, म्हणतात. विबेकेला अख्खी रात्र खवखवलं.

सकाळपर्यंत तिला एकच वाट सुचली होती. न सांगता चूक शोधायची तर ती स्वतःच्या यंत्रावर शोधायची. तिचं स्वतःचं यंत्र आजवर नेहमी सगळ्यात शेवटी नवं होई. यादीतला सहाशे चाळिसावा ठिपका तो. इतरांवर तपासून घेतल्याशिवाय तिने कधी घोटभर पाणीही त्याला दाखवलं नव्हतं.

शुक्रवारच्या नाश्त्याला तिने पाहिलं, पहिले बारा सगळे एकाच टेबलावर बसले होते. बांधकामवाला ग्रंथालयवालीला मुरंबा देत होता. हे लोक एरवी एकमेकांना जिन्यात वाट देत नसत. खाली येऊन तिने स्वतःच्या यंत्राला दहाची वेळ लावली आणि उरल्या वेळात यादीची सभ्य नक्कल पुरी करायला बसली. थॉर्किलपाशी पुन्हा अडली. दोन्ही याद्या उघड्या, बोटं तशीच, आणि दहा वाजले. पडदा काळा झाला.

वीस-पंचवीस मिनिटं. करायला काही नाही, बघायला काही नाही, तळघरातल्या किटलीत कॉफीही नाही. ती रिकाम्या हाताने दुसऱ्या मजल्यावरच्या कॉफीयंत्रापाशी गेली.

तिथे ते उभे होते. बाराच्या बारा. हातात कप, आणि एक कप भरून बाजूला काढून ठेवलेला.

“या तेराव्या,” आयनार म्हणाला. “आम्ही म्हटलंच, गुरुवारी नाहीतर शुक्रवारी येणार.”

“मी... माझं यंत्र...”

“बंद पडलंय. ठाऊक आहे. ठीक दहाला हात हलवत कॉफीला कोण येतं ते आम्हाला ठाऊक असणार नाही तर कुणाला?” त्याने तो कप तिच्या हातात दिला. “मार्चमध्ये मी इथे उभा होतो, यंत्र बंद म्हणून. ही मेरेते आली, यंत्र बंद म्हणून. मग थॉर्किल. एप्रिलच्या मंगळवारी पुन्हा आम्हीच. या मंगळवारी तिसऱ्यांदा. म्हटलं, आपणच का? वयं वेगळी, मजले वेगळे, यंत्रं वेगळी. मग सगळ्यांनी आपापली पापं सांगितली.”

“तीन मंगळवार लागले,” मेरेते म्हणाली. “कारण आयनार ते शिळ्या पावांचं कबूलच करेना.”

“ते परवाचे नव्हते. कालचे होते.”

“पाव निघाले,” बोदिल म्हणाली, “आणि मग टेबलाच्या टोकाला बसून गुपचूप मोजमाप कोण घेतं तेही निघालं. अगं, आम्हाला राग आला होता गं पहिल्यांदा. मग मजाच वाटायला लागली. नाहीतर हा आयनार आणि मी आयुष्यात कधी कॉफी प्यायलो असतो का?”

विबेकेच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. जमिनीत शिरावं तर ती आधीच तळघरात राहणारी. तिला दुसरंच विचारायचं होतं, ते तिने विचारलं. “अपडेटात काय आहे?”

बारा जण एकमेकांकडे बघायला लागले. थॉर्किलला हसू आवरेना.

“ते तुझं तूच ऐक,” आयनार म्हणाला.

“बोदिलच्या मदतनीस बायकांना बाराला जाणार आहे ते!” विबेके म्हणाली. “काही वाईट असलं तर?”

“साडेअकराला मी खाली येऊन सांगणारच होते,” बोदिल एकदम गंभीर होऊन म्हणाली. “माझ्या म्हाताऱ्यांना मी असं वाऱ्यावर सोडेन होय? फक्त तुला जरा साडेअकरापर्यंत उकळू द्यायचं ठरलं होतं. आणि एक विचारू? तू गेली तेरा वर्षं दर शुक्रवारी दोन-दोन पाव खातेस. स्वतः कधी एकदा तरी आणलेस?”

विबेके म्हणाली, “माझं नाव पाळीत नाहीये.”

“म्हणजे?”

“मी आले तेव्हा पाळीचा कागद आधीच भरलेला होता. मजल्यांप्रमाणे. तळघर त्यात नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी सांगेल. पहिल्या वर्षी मी टोपलीसुद्धा विकत आणली होती. कुणी सांगितलं नाही. मग विचारायची लाज वाटली. टोपलीत आता जुन्या तारा ठेवते.”

तेरा वर्षं माणूस शेजारी बसून पाव खातं आणि ते पाळीत नाही, हे या एवढ्या चौकस लोकांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कचेरीतला प्रत्येक कागद, प्रत्येक यंत्र दर महिन्याला नवं होत होतं आणि भिंतीवरच्या त्या पाळीच्या कागदावर मात्र नावं बदलली तरी मजले तेरा वर्षं तेच होते. विबेकेला रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. सोफुस!

ती जिन्यावरून धावली. मागून आयनार आणि बोदिल. आयनारने गळ्यातले हेडफोन हातात धरले होते. त्याला धावताना याआधी कुणी पाहिलं नसावं.

सोफुस तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत आधीच येऊन बसला होता, मांडीवर कोरी वही. “अरे वा, साक्षीदारही आणलेस! पहिल्या गटातली मंडळी ना? छान. दाखव यादी.”

“आधी एक मिनिट यंत्र तपासते,” विबेके म्हणाली आणि तिने परवलीचा शब्द घातला. यंत्र गुणी होतं. बंद पडताना जे उघडं होतं ते त्याने जसंच्या तसं पुन्हा उघडलं. आणि मग एक गोड, संथ, शाळेतल्या बाईंसारखा आवाज खोलीत बोलू लागला.

“पहिले बारा. रकाना एक, नाव. आयनार कोल्ड. रकाना दोन, खातं. बांधकाम परवाने. रकाना चार, कारण. कालचे पाव भट्टीत गरम करून आजचे म्हणून खपवले.”

विबेकेला क्षणात सगळं कळलं. आंधळ्या माणसांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवायची जी सोय असते, ती या अपडेटाने सगळ्यांची चालू करून टाकली होती. आवाज कमी करायची कळ तिने दाबली. गडबडीत शेजारची दाबली गेली.

“मेरेते! ग्रंथालय! कारण! खसखशीचे पाव आपल्या खात्यासाठी रुमालाखाली लपवले!”

तिने लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलं. पण त्याला मोठा पडदा जोडलेला होता, तो काही थांबेना. थॉर्किलच्या लोण्याचा उद्गार आवाजाने दोनदा वाचला.

“हेडफोनची तार खोच,” आयनार शांतपणे म्हणाला. “बाकी आम्ही तीन दिवस काय करत होतो असं तुला वाटलं?”

“दे ना मग!”

“देतो. जरा गुंता झालाय.” आणि त्याने तारेचा नसलेला गुंता सावकाश सोडवायला घेतला.

बोदिलच्या चीजची कथा आली. ती मान हलवत ऐकत होती, “मधला भाग मऊ असतो त्याला मी काय करू?” मग बारा नावं संपली. विबेकेने श्वास सोडला. तेवढ्यात आवाज पुन्हा म्हणाला:

“पुढचा महिना. सोफुस बेंटसन. संगणक विभाग. कारण. पावांऐवजी बियांची कडक, बिस्किटासारखी पानं आणि पांढरं पाणचट दही आणलं. वर म्हणाला, हे हलकं असतं.”

आयनारचा गुंता सुटला. त्याने तार खोचली आणि खोलीत सामसूम झाली.

सोफुस वहीकडे बघत होता. वहीवर त्याने वरच्या ओळीत सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, ‘अनुभवावर आधारलेली निवड’. आता बोटीवरची तिकिटं, विबेकेच्या मनात आलं. तीही मिळाली तर.

“ती पानं लोकांना आवडली होती,” सोफुस अखेर म्हणाला.

“कुणालाही नाही,” आयनार म्हणाला.

“बोदिल?”

“मी कुंडीत टाकली रे. फूल मेलं.”

सोफुसने वही मिटली. “विबेके, हे बारा वाजता गेलं असतं तर काय झालं असतं?”

विबेकेला बोलायला सोपं वाटलं, कारण हा प्रश्न ठिपक्यांचा होता. “कुटुंबमदतीच्या खिडकीवर एकाचा घटस्फोट मागच्या रांगेला ऐकू गेला असता. शाळेत मास्तरांच्या यंत्राने वर्गात गुण वाचले असते. बोदिलच्या बायका जिन्यात उभ्या राहून पाटी उघडतात. यंत्राने मोठ्यांदा सांगितलं असतं की आजोबा चिडके आहेत आणि किल्ली कुंडीखाली आहे.”

“आणि तू ते स्वतःच्या यंत्रावर घेतलंस. ही यादी उघडी असताना.”

“उघडी राहिली हे चुकून.”

“आणि घेतलंस ते?”

“ते चुकून नाही.”

सोफुस उठला. बाराचं सोडणं त्याने तिथल्या तिथे रद्द केलं आणि शेजारच्या नगरपालिकेला फोन लावला. तिथे ते सकाळी आठलाच सोडून झालं होतं. पलीकडून फोनमधून एकाच वेळी वीस-तीस गोड बायका काहीबाही वाचत असल्याचा गलका येत होता आणि त्यातून एक माणूस ओरडत होता, “मला ऐकू येत नाहीये, तुम्ही कोण बोलताय?” सोफुसने फोन ठेवला. त्याच्या ओठांची चाळवाचाळव झाली. साहेबाने हसू नये म्हणून तो दाराकडे वळला.

“यादी असू दे,” तो पाठमोरा म्हणाला. “यापेक्षा चांगली कुणाकडे नाही. कारणाचा रकाना तेवढा काढून टाक.”

“रकाना काढायचा नाही,” आयनार म्हणाला. “रकाना राहू दे. फक्त यापुढे तो एकटीने भरायचा नाही. आम्ही मंगळवारी दहाला कॉफीपाशी बसून भरू. आणि तेराव्यानेही यायचं, यंत्र बंद असो नसो.”

जाताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. भिंतीवरचा पाळीचा पिवळा पडलेला कागद त्याने खाली उतरवला, खिशातलं पेन काढलं आणि पुढच्याच शुक्रवारी, शाळाखात्यातल्या दोघांची नावं खाली ढकलून, ठळक अक्षरांत लिहिलं: विबेके थोरुप, तळघर.

तो आठवडा विबेकेने कसा काढला ते तिचं तिला माहीत. टोपलीतल्या तारा तिने बाहेर काढल्या, टोपली दोनदा धुतली. गुरुवारी बेकरीत जाऊन सांगून आली. शुक्रवारी पहाटे साडेपाचला ती बेकरीच्या बंद दारापाशी उभी होती, बेकरीवाल्याच्या आधी. साठ पाव, तीस खसखशीचे. इतके गरम की सायकलवरून येताना टोपलीतून वाफ तिच्या हनुवटीला लागत होती. तीन जातींचं चीज, आणि चीज कापताना तिने प्रत्येक वडीला मधला भाग आणि कडा सारख्या येतील असं पाहिलं. स्वतःच्या परसातल्या आंबट बेरींचा मुरंबा. केकही, दोन. रुमालाखाली काही नाही, सगळं उघड्यावर.

नऊला कचेरी जमली. विबेके आज दाराकडच्या टोकाला बसली नाही, ती टोपलीमागे उभी राहिली. आयनारने पहिला पाव उचलला. दाबला. कानाजवळ नेऊन कवच मोडलं, कडकड आवाज आला. आत बोट घालून पाहिलं.

“आजचा आहे,” त्याने जाहीर केलं, आणि विबेकेच्या छातीवरचा तेरा वर्षांचा धोंडा उतरला. तिला इतकं बरं वाटलं की ती मोठ्याने हसली. मेरेतेने चीज घेतलं. बोदिलने केक हुंगला. सोफुसने चक्क दोन पाव घेतले. मग थॉर्किल सुरी हातात घेऊन टेबलावर इकडून तिकडे बघायला लागला. मुरंब्याची बरणी उचलून तिच्यामागे पाहिलं. टोपली उचलून खाली पाहिलं.

“विबेके,” तो फार हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने म्हणाला, “लोणी कुठाय?”

विबेकेने टेबलाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि तिला तिच्या घरच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात, नीट मांडून ठेवलेल्या लोण्याच्या चार वड्या डोळ्यांपुढे दिसल्या.

आयनार कोल्डने खिशातून पेन काढलं.